लाकडं फुकट, चूल तयार : लॅपलँडच्या हिवाळ्यात

फेब्रुवारी संपता संपता उत्तर फिनलंडला जाऊन आलो. आम्ही दोघं आणि ओउलूच्या विद्यापीठात शिकणारी माझी भाची. लॅपलँड म्हटलं की काचेच्या छताची इग्लू, हस्की कुत्र्यांच्या गाड्या आणि सांताक्लॉज असं त्रिकूट डोळ्यांपुढे येतं, आणि त्यांचे दर पाहिले की माणूस गुपचूप दुसरा देश शोधायला लागतो. भाचीने फोनवर सरळ सांगितलं, "मावशी, ते सगळं पाहुण्यांसाठी असतं. इथली माणसं हिवाळ्यात जे करतात ते आपण करू. त्यातलं निम्मं फुकट आहे." एवढं ऐकल्यावर हे लगेच तयार झाले.

महिना विचार करून निवडला होता. इनारीच्या बाजूला डिसेंबरच्या सुरुवातीपासून जानेवारीच्या साधारण दुसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. फेब्रुवारीअखेर मात्र नऊ तासांहून जास्त उजेड असतो, बर्फ भरपूर असतो आणि ध्रुवीय प्रकाश दिसण्याइतकी रात्रही शिल्लक असते. अडचण एकच. फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत फिनलंडच्या शाळांना, दक्षिण, मध्य आणि उत्तर भागांना पाळीपाळीने, स्कीची सुट्टी असते. त्या आठवड्यांत सारिसेल्कॅसारख्या गावात खोली मिळणं कठीण, म्हणून राहण्याची सोय तीन-चार महिने आधी करून ठेवावी.

रविवार : रोव्हानिएमी

हेलसिंकीहून रात्रीची रेल्वे घेतली. साधारण बारा तासांचा प्रवास, दोन बर्थची छोटी केबिन. याच गाडीला मोटारी वाहून नेणारे डबेही जोडलेले असतात. भाची पहाटे ओउलूला चढली आणि आमच्या केबिनमध्ये येऊन तिने आधी आमचे मोजे तपासले. सुती निघाले ते काढायला लावले.

रोव्हानिएमीच्या फलाटावर उणे १९ होतं. पहिल्या श्वासालाच नाकातले केस ताठ झाल्याचं कळलं. दुखत नाही, पण विचित्र वाटतं. आकाश निळंभोर, वारा अजिबात नाही, आणि पावलाखाली बर्फ करकर वाजत होता.

१९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने हे शहर जवळपास पूर्ण जाळलं. नंतर वास्तुविशारद अल्वार आल्तो यांनी नव्या रस्त्यांचा आराखडा रेनडिअरच्या शिंगांच्या आकारात आखला. जमिनीवरून चालताना त्यातलं काही कळत नाही, नकाशाच बघावा लागतो. आर्क्टिकुम संग्रहालय मात्र जरूर बघा. काचेचा लांबच लांब बोळ उत्तरेकडे तोंड करून उभा आहे, आणि आत उत्तर ध्रुवीय प्रदेशाची माहिती कंटाळा न आणता मांडली आहे.

खरी मजा आली ती संग्रहालयाच्या मागे. गोठलेल्या नदीच्या पात्रावर माणसं रविवारच्या फेरफटक्याला निघाली होती. कोणी स्कीवर, कोणी कुत्रा घेऊन. एक बाप कमरेला पट्टा बांधून मागे छोटी घसरगाडी ओढत होता आणि तिच्यात गुंडाळलेलं बाळ गाढ झोपलं होतं. आम्ही तिघं काठावर उभे राहून आधी खात्री करत होतो की बर्फ खरंच आपलं वजन पेलेल. तेवढ्यात शेजारून एक आजीबाई सायकलवरून नदी पार करून गेल्या.

आर्क्टिक वृत्तावरच्या सांताच्या गावी आठ नंबरच्या बसने जाऊन आलो. जमिनीवर वृत्ताची रेघ आहे, तिच्यावर फोटो काढला. बाकी दुकानं आणि रांगा. लहान मुलं बरोबर नसतील तर हा वेळ वाचवा आणि एखाद्या कॅफेत बसा. इथल्या दालचिनीच्या वळ्यांत पिठातच जाडसर कुटलेला वेलदोडा असतो, दाताखाली येईल इतका भरपूर. एक वळं तिघांत पुरेल असं वाटलं होतं. शेवटी आणखी दोन मागवली.

सोमवार : बसने इनारीला

इनारी रोव्हानिएमीच्या उत्तरेला सव्वातीनशे किलोमीटरवर. बस उबदार, वेळेवर, आणि माणसांबरोबर पार्सलंही घेऊन जाणारी. चालक मधेच एखाद्या पेट्रोल पंपावर उतरून खोकं देऊन यायचा. सोदानक्यूलॅला थांबा होता. तिथे १६८९ मधलं लाकडी चर्च आहे, पण बसच्या वेळेत ते बाहेरूनही धड बघून झालं नाही.

सोदानक्यूलॅनंतर रेनडिअर दिसायला लागले. ते रस्त्याच्या मधोमध उभे राहतात आणि गाडी आली तरी घाई करत नाहीत. जंगलात मोकळे फिरत असले तरी यातलं एकही जनावर रानटी नव्हे. प्रत्येकाला मालक असतो आणि कानाला पाडलेल्या खाचांवरून तो ओळखू येतो. चालक हॉर्न न वाजवता थांबून राहिला. बसमध्ये कोणी मान वर करून बघितलंही नाही.

एक गोष्ट मला वाटभर कोड्यात टाकत होती. प्रत्येक घरासमोर, प्रत्येक हॉटेलच्या पार्किंगमध्ये कमरेएवढे खांब आणि त्यांना विजेचे सॉकेट. मला वाटलं, विजेवरच्या गाड्यांसाठी केवढी ही सोय! भाची हसली. गाडी सुरू करायच्या आधी इंजिन गरम करून घेण्यासाठी हे खांब कित्येक वर्षांपासून आहेत. रात्री वायर लावून ठेवायची, सकाळी गाडी एका झटक्यात सुरू. थंडीशी इथे कोणी झुंजत नाही, तिची सोय लावून मोकळे होतात. पुढे प्रत्येक दिवशी याचा नवा नमुना बघायला मिळाला.

रात्री आमच्या लाकडी घराबाहेरचा तापमापक उणे ३१ वर होता. हे "बघून येतो" म्हणून बाहेर गेले आणि पाचच मिनिटांत परत आले. भुवया पांढऱ्या, पापण्या एकमेकींना चिकटलेल्या, मफलरवर जिथे श्वास लागत होता तिथे कडक पापुद्रा. आत येताच चष्म्यावर दाट धुकं चढलं आणि मग ते गोठलं. धातूच्या काड्यांचा चष्मा कानशिलाला अक्षरशः चावतो. प्लॅस्टिकची फ्रेम असेल तर ती न्या.

कपड्यांबद्दल इथेच सांगते. अंगाला लागून मेरिनो लोकरीचे थर्मल, त्यावर लोकर किंवा फ्लीस, सगळ्यात वर वारा अडवणारं जाकीट. सुती काहीही नको. घाम धरून ठेवतं आणि मग तेच गार पडतं. पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा सगळी बोटं एकत्र राहतात ते मिटन जास्त ऊबदार, आत पातळ हातमोजा घालावा. बूट एक नंबर मोठे घ्या. पाय आवळले की बोटं आधी बधिर होतात, मग मोज्यांचे कितीही थर चढवा, उपयोग नाही. फोन आतल्या खिशात अंगाशी ठेवा. आमच्यापैकी एकाचा फोन साठ टक्के बॅटरी असताना फोटो काढता काढता बंद पडला. जाड बूट आणि अंगभर सूट भाड्यानेही मिळतात, ते विकत घेऊन सामान वाढवू नका.

मंगळवार : तळ्याच्या पोटात भोक

इनारीयार्वी हे फिनलंडमधलं तिसऱ्या क्रमांकाचं तळं, हजार चौरस किलोमीटरहून मोठं आणि तीन हजारांहून जास्त बेटांचं. ते नोव्हेंबरच्या सुमाराला गोठतं आणि जूनपर्यंत बर्फ धरून राहू शकतं. आमच्या घरमालकांनी बर्फात भोक पाडून मासे धरायला न्यायचं कबूल केलं होतं. साठीचे गृहस्थ, सामी म्हणजे इथल्या मूळ रहिवासी समाजातले, घरात रेनडिअर पाळण्याचा पिढीजात धंदा. आमच्याशी इंग्रजी, फोनवर फिनिश आणि कुत्र्याशी इनारी सामी ही त्यांची भाषा बोलायचे.

सकाळी उणे ३१ मध्ये निघण्यात अर्थ नाही, असं म्हणून त्यांनी बाराला निघायचं ठरवलं. तोवर उणे बावीस झालं होतं आणि खरं सांगते, फरक कळत होता. स्नोमोबाइलच्या मागे जोडलेल्या लाकडी घसरगाडीत रेनडिअरची कातडी अंथरून आम्हाला बसवलं. किनारा मागे पडला तसं सगळीकडे पांढरं मैदान झालं. मधे मधे झाडं असलेली टेकाडं होती, ती म्हणजे बेटं.

त्यांनी गिरमिट काढलं. आपल्या सुताराचं असतं तेच, पण छातीएवढं उंच. ते फिरवायला लागले की बर्फाचा भुसा वर येत राहतो, येत राहतो, आणि मग एकदम गिरमिट खाली जातं आणि काळं पाणी उसळून वर येतं. माझ्या वाटचं भोक मी स्वतः पाडायला घेतलं. निम्म्यावर दम लागला. अर्ध्या मीटरहून जाड बर्फ होता. भोकात तरंगणारे बर्फाचे तुकडे झाऱ्याने काढून टाकायचे. काठी वीतभर लांबीची, तिला गळ. तळाला टेकवायचा, थोडा वर घ्यायचा आणि मनगटाने हलके झटके देत बसायचं.

बसायचं म्हणजे खरोखर बसायचं. कोणी बोलत नव्हतं. मधूनच पायाखालून लांबवर गडगडल्यासारखा आवाज यायचा आणि तो तळ्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावत जायचा. पहिल्यांदा आला तेव्हा मी उठून उभीच राहिले. मालक म्हणाले, तापमान बदललं की बर्फ प्रसरण-आकुंचन पावतो आणि तडे जातात. जाड बर्फाला हा आवाज शोभतोच, आवाज होतोय म्हणून पळायचं कारण नाही. जपायचं ते प्रवाहाच्या तोंडाशी आणि पुलाखाली, कारण तिथे बर्फ भर हिवाळ्यातही पातळ असू शकतो.

ह्यांना तीन पर्च मिळाले. पट्ट्यापट्ट्यांचे, लालसर परांचे मासे. बर्फावर ठेवले आणि काही मिनिटांत फळीसारखे कडक. मला एकही नाही, भाचीला एक, तोही इतका लहान की परत सोडला.

मग काठावरच्या तीन बाजूंनी बंद असलेल्या लाकडी आडोशापाशी गेलो. समोर शेकोटीची जागा, बाजूला फोडलेल्या लाकडांची रास. मासे लोण्यात तळले, वर फक्त मीठ, सोबत राय या धान्याची काळी भाकरी. काळ्याठिक्कर किटलीत पाणी आणि कॉफीची भरड एकत्रच उकळली, आणि मालकांनी लाकडी कपात चीजचे तुकडे टाकून वरून ती गरम कॉफी ओतली. हे चीज भाजलेलं, दाताखाली चुईचुई वाजणारं. कॉफीत ते विरघळत नाही, फक्त मऊ होतं. आधी कॉफी प्यायची, मग चमच्याने चीज खायचं. ऐकायला भयंकर वाटतं. मी दोनदा घेतलं.

गप्पा रंगात आल्यावर हे विचारणार होते, "तुमच्याकडे रेनडिअर किती?" भाचीने बुटावर बूट ठेवून त्यांना थांबवलं. परतल्यावर म्हणाली, "काका, ते विचारायचं नसतं इथे. बँकेत पैसे किती, असं विचारल्यासारखं होतं."

फिनलंडमध्ये साध्या गळाने आणि बर्फात भोक पाडून मासे धरायला परवाना किंवा शुल्क लागत नाही. तो सगळ्यांचा हक्क मानला जातो, परक्या पाहुण्यांचाही. सॅमनच्या नद्या आणि वाहत्या धारांचे नियम वेगळे आहेत, तिथे आधी विचारून घ्यावं.

बुधवार : सीदा, आणि खाली थंडी वर ऊब

सकाळी सीदा हे सामी संग्रहालय पाहिलं. दोन तास ठेवले होते, तीन गेले. इनारी परिसरात तीन सामी भाषा बोलल्या जातात: उत्तर सामी, इनारी सामी आणि स्कोल्ट सामी. स्कोल्ट लोक मुळात पेत्सामोचे. तो भाग १९४४ मध्ये सोव्हिएत संघाकडे गेला आणि त्यांना घरदार सोडून इकडे वसावं लागलं. इनारी सामी बोलणारे तर काही शेच. ती मुलांच्या तोंडून जवळजवळ गेलीच होती, तेव्हा १९९७ पासून बालवाड्या काढून लहानग्यांना दिवसभर त्याच भाषेत वाढवायला सुरुवात झाली. आमच्या मालकांचा कुत्रा भाग्यवान म्हणायचा.

दुपारी दक्षिणेकडे जाणारी बस घेतली. इवालो गावात बसच्या पाटीवर उणे २९ होतं. सारिसेल्कॅ तिथून तीस किलोमीटर, रस्ता चढाचा. चढत गेलो तसा आकडा उतरत गेला: २६, २२, १९. उतरलो तेव्हा उणे १७! वर गेलं की थंडी वाढते हे शाळेपासून डोक्यात असतं. पण निरभ्र, वारा नसलेल्या हिवाळी हवामानात जड गार हवा दरीत साचून राहते आणि टेकड्यांवर उलट सौम्य असतं. त्यामुळे दरीतला आकडा बघून टेकडीवरचा बेत रद्द करू नका. वारा सुटला असेल तर मात्र करा. उघड्या माथ्यावर आडोसा काहीच नसतो.

स्की भाड्याने घेतल्या. दुकानातले सत्तरीचे आजोबा आमच्याकडे नखशिखांत बघून म्हणाले, "कधी केलंय?" आम्ही नाही म्हटलं. "उत्तम. मग चुकीचं काही शिकलेलंच नाही." त्यांनी तळाला पावलाखाली मोहेरची, म्हणजे शेळीच्या केसांची, पट्टी असलेल्या स्की दिल्या. ही पट्टी पुढे घसरू देते आणि मागे जाऊ देत नाही, त्यामुळे मेण लावायची कटकट नाही. नवशिक्यांनी ह्याच मागाव्यात. या क्रॉस-कंट्री स्कीत बुटाचा फक्त पुढचा भाग अडकवलेला असतो, टाच मोकळी.

गावालगतच्या एका वाटेवर संध्याकाळी दिवे असतात. यंत्राने बर्फ दाबून त्यात दोन समांतर खोबणी पाडलेल्या. पाय खोबणीत टाकले की स्की आपोआप सरळ राहते. सपाटीवर दहा मिनिटांत जमलंसं वाटलं. उतारावर सगळी विद्या संपली. पडायला काही लागत नाही, बर्फ मऊ असतो. उठणं हे खरं काम. कुशीवर वळायचं, दोन्ही स्की उताराला आडव्या आणि एकमेकींना समांतर करायच्या, गुडघ्यावर यायचं, मग उभं राहायचं. हे मला एका आठ-नऊ वर्षांच्या मुलीने करून दाखवलं, न सांगता, न हसता. तिने स्वतः आडवं पडून प्रात्यक्षिक दिलं आणि निघून गेली.

स्कीच्या वाटेवर बूट घालून चालायचं नाही, खोबणी मोडतात. थांबायचं असेल तर बाजूला व्हायचं. चालणाऱ्यांच्या आणि जाड टायरच्या सायकलींच्या वाटा वेगळ्या आखलेल्या आहेत, आणि या सगळ्या वाटांना तिकीट नाही.

गुरुवार : रुमाकुरूची झोपडी

सारिसेल्कॅच्या अंगणातच ऊर्हो केक्कोनेन राष्ट्रीय उद्यान सुरू होतं. १९८३ मध्ये स्थापन झालेलं, अडीच हजार चौरस किलोमीटरहून मोठं. केक्कोनेन १९५६ ते १९८२ फिनलंडचे राष्ट्राध्यक्ष होते, आणि या भागात स्की करायला हौसेने येत. उद्यानाला नाव देताना कोणाला फार विचार करावा लागला नसणार.

रुमाकुरूच्या घळीपर्यंत जाऊन यायचं ठरलं. इथली माणसं हे अंतर दुपारच्या जेवणाआधी उरकतात. आमचा अख्खा दिवस गेला. पाइनची झाडं हळूहळू खुजी होत गेली, फांद्यांवर बर्फ इतका चढलेला की झाड ओळखू येऊ नये. चढावर स्की फेंगड्या करून बदकासारखं जायचं. हे उतारावर स्की काढून हातात घेऊन चालत आले, वाटेच्या कडेकडेने, तेही चालतं.

झोपडी लाकडी, एका खोलीची. दार ढकललं आणि आत ऊब होती. आधी येऊन गेलेल्या कोणीतरी लोखंडी चूल पेटवून ठेवली होती. बाकं, टेबल, भिंतीवर बर्फ झाडायचा कुंचा, कुऱ्हाड, शेरे लिहायची वही. बाहेर लाकडांचं कोठार. लाकडं उद्यानाकडून आणून ठेवलेली असतात, वापरायला पैसे नाहीत. अट एवढीच की लागतील तेवढीच घ्यायची, जाताना पुढच्यासाठी थोडी फोडून चुलीशी ठेवायची आणि कचरा आपल्याबरोबर परत न्यायचा. तिथे कोणी राखणदार नव्हता, कॅमेरा नव्हता, आणि चुलीशेजारी फोडलेली लाकडं नीट रचून ठेवलेली होती.

ही दिवसाची झोपडी. आणखी आत रानात रात्री मुक्कामाच्याही झोपड्या आहेत, त्याही फुकट, आणि त्यांचा जुना नियम मला फार आवडला: सगळ्यात उशिरा आलेल्याचा हक्क पहिला. आधी पोचलेले लोक विसावलेले असतात, तेव्हा जागा नसेल तर त्यांनी उठायचं आणि दमून आलेल्याला जागा द्यायची. चुलीशी बसलेल्या एका मध्यमवयीन जोडप्याने हे सांगितलं. दोघं सहा दिवसांचं सामान घसरगाडीवर घेऊन निघाले होते. बाईंनी आमच्याकडचे खजूर चाखले आणि आम्हाला गरम ब्लूबेरीचं सरबत दिलं.

संडासाचीही गोष्ट सांगायला हवी. लाकडी खोपट, खाली खड्डा, आणि बसायला थर्माकोलची सीट. उणे पंधरात लाकडावर किंवा प्लॅस्टिकवर बसायची कल्पना करा. थर्माकोल अंगाची ऊब शोषत नाही, त्यामुळे बसता क्षणी गार लागत नाही. मी बाहेर येऊन सगळ्यांना ही बातमी दिली. फिनिश जोडप्याला त्यात विशेष काय ते कळेना.

बाहेर भाकरी खाताना कुक्केली पक्षी आले. सायबेरियन जे. राखाडी, शेपटीला आणि पंखाला विटकरी झाक. आवाज न करता झाडावरून उतरतात आणि दोन हातांच्या अंतरावर येऊन बसतात. एक माझ्या स्कीच्या टोकावर बसला, मान वाकडी करून भाकरीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा भाकरीकडे. थंडीत पिसं फुगवून गोल झाला होता, पाय दिसतच नव्हते.

गावात परतून जेवायला गेलो तर सगळीकडे वाटाण्याचं दाट सूप आणि ओव्हनमधलं जाड पॅनकेक. गुरुवारी फिनलंडमध्ये हेच असतं, शाळेत, कचेरीत, सैन्यात. सुपात बहुधा डुकराचं मांस असतं. शाकाहारींनी विचारावं, बिनमांसाचंही बऱ्याच ठिकाणी ठेवतात. एरवी शाकाहारींना रायच्या पातळ पारीत भात भरलेले कारेलियन पाय, चीज, मुळांच्या भाज्यांची सुपं यांवर निभावता येतं. कामाच्या दिवशी दुपारी अकरा ते दोन बुफे जेवण मिळतं, साधारण बारा-पंधरा युरोत सॅलड, भाकरी, मुख्य पदार्थ, वर कॉफी. तेव्हा पोटभर जेवा. रात्रीच्या जेवणाला तेवढ्यात एक ताट येत नाही.

शुक्रवार : कीलोपॅचं धुराचं सॉना

सकाळी पाय उचलत नव्हते. स्की बाजूला ठेवून स्की-बसने कीलोपॅला गेलो. ५४६ मीटरचा उघडा डोंगर, पायथ्याशी निवास आणि धुराचं सॉना, म्हणजे वाफेच्या अंघोळीची खोली. ते ठरलेल्या दिवशीच तापवतात, वार आधी बघून घ्या.

या सॉनाला धुराडं नसतं. कित्येक तास लाकडं जाळून दगड तापवायचे, खोलीत भरलेला धूर बाहेर सोडायचा, आणि मग विझल्यावर माणसांनी आत जायचं. भिंती काजळीने काळ्या. आतला अंधार सवयीचा व्हायला वेळ लागतो. दगडांवर पाणी टाकलं की वाफ अंगावर हळूच येते, चटका न देता. लोक एकमेकांना न ओळखता बोलत होते. बसमध्ये तोंड न उघडणारी हीच माणसं का, असं वाटावं. सॉनाची ही रीत युनेस्कोने २०२० मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली.

मग ओढा. बर्फात मोकळं ठेवलेलं पाणी, उतरायला पायऱ्या, कठड्याला दोर गुंडाळलेला, म्हणजे ओला हात धातूला चिकटू नये. ह्यांना रक्तदाबाचा त्रास, त्यांनी काठावरून टॉवेल धरायचं काम घेतलं. तसा त्रास किंवा हृदयविकार असेल तर हे करूच नका. माझ्यापुढच्या बाई म्हणाल्या, "श्वास रोखू नको. सोडत सोडत उतर." गुडघे, कंबर, खांदे. थंडी वाजत नाही, कापल्यासारखं होतं. मोजून पाच श्वास झाले नि बाहेर आले तर उणे सोळाची हवा चक्क कोमट लागली. अंगातून वाफा निघत होत्या आणि केस हात लावला की कुरकुरत होते. भाची तीन वेळा गेली. मी दोन.

परतीच्या बससाठी थांबलो असताना आकाशात फिकट ढगासारखा पट्टा दिसला. मी लक्षही दिलं नाही. भाचीने फोन वर धरला तर पडद्यावर हिरवागार. थोड्या वेळाने पट्टा हलायला लागला, तेव्हा डोळ्यांनाही हिरवा दिसला, आणि खालच्या कडेला क्षणभर गुलाबी. फोटोतला रंग नेहमी डोळ्यांपेक्षा गडद असतो, ही तयारी मनात असू द्यावी; हलणं मात्र कुठल्या फोटोत येत नाही. बस वेळेवर आली. चालकाने दार उघडून आमच्या वर गेलेल्या माना बघितल्या आणि इंजिन चालू ठेवून दोन मिनिटं थांबला.

शनिवार : काउनिस्पॅ आणि परतणं

विमान दुपारी इवालोहून. सकाळी काउनिस्पॅच्या माथ्यावर गेलो आणि किलोमीटरहून लांब घसरवाटेवरून घसरगाड्यांवर खाली आलो. टाचांनी ब्रेक लावायचा असतो. ह्यांनी तो लावला नाही. खाली पोचले तेव्हा कानटोपी कुठेतरी वर राहिली होती आणि चेहऱ्यावर, पावडर लावल्यासारखा, बर्फ. "पुन्हा," एवढंच म्हणाले. पुन्हा गेलो, टोपीही मिळाली. कोणीतरी वाटेच्या कडेला काठीवर अडकवून ठेवली होती.

स्की परत द्यायला दुकानात गेलो. आजोबांनी त्या उलटसुलट करून पाहिल्या, वही काढली आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, "किती वेळा पडलात?"

हे म्हणाले, "तुमच्याकडे रेनडिअर किती आहेत?"

आजोबा इतके हसले की त्यांना खुर्चीत बसावं लागलं. पावती करताना त्यांनी शेवटच्या दिवसाचं भाडं लावलंच नाही.